शेवटची दोन अक्षरं

मामाच्या प्रत्येक कार्डावर सहा-सहा अक्षरांचे दोन नंबर असत आणि ते कुणीच वाचत नसे. वर गिऱ्हाइकाचं नाव, मग तारीख, डावा की उजवा, आणि खाली मामीच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी: ‘खरा 5C3A21’, ‘केलेला 5B3B22’. मामा त्यांना गाडीचे नंबर म्हणायचा.

“गाडी कुणाची ते मला तोंडावरून कळतं,” तो म्हणायचा. “नंबर टिपायला मी काय चौकातला पोलीस आहे?”

मामा डोळे करतो. अपघातात, आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी कृत्रिम डोळा. त्यातून दिसत काहीच नाही, पण समोरचा माणूस बोलताना नजर चुकवत नाही, आणि गिऱ्हाइकांना बहुतेक तेवढंच हवं असतं. आधी मेणाचा साचा, त्यावरून पांढरं कवच, शिरांसाठी लाल रेशमाचे बारीक धागे, आणि बटणाएवढ्या चकतीवर रंगवलेलं बुबुळ. खरं काम चकतीचं. गिऱ्हाईक समोर बसतं, मामा त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत एकावर एक नऊ-दहा पातळ थर देतो. तीस वर्षं तो हेच करत आला आहे.

नंबरांची भानगड मामेभावाची. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी घर सोडण्याआधी त्यानं एक काळी पेटी करून दिली. आत एकच ठरावीक दिवा, एका बाजूला चेहरा टेकवायला खाच, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. आधी खऱ्या डोळ्याचा फोटो, नंतर तयार डोळ्याचा. संगणकावर बुबुळाच्या मधल्या कड्यावर बोट ठेवलं की त्या रंगाचा नंबर मिळतो, तो कार्डावर लिहायचा. मामेभाऊ गेला, पेटी राहिली. मामीनं ते काम एकदाही चुकवलं नाही. का लिहायचं, हे तिनं विचारलं नव्हतं आणि मामाला विचारायची गरज वाटली नव्हती.

कृत्रिम डोळा पाच-सहा वर्षं टिकतो. जुनी गिऱ्हाइकं नवा करायला परत येऊ लागली तशी कार्डं शोधण्यात मामीची सकाळ जाऊ लागली.

“तू एवढं पदार्थविज्ञान शिकलीस, दिवसभर संगणकाशी बोलतेस,” ती मला म्हणाली. “मग माझी ही चारशे बारा कार्डं त्याच्या डोक्यात घाल. नाव टाकलं की माणूस बाहेर आला पाहिजे, आणि रंग दिसला पाहिजे.”

मी मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीसाठी घरून प्रोग्राम लिहिते. कामातून तीन आठवडे काढले आणि मामाच्या कामाच्या खोलीत, मागच्या भिंतीजवळच्या टेबलावर बसले. मामा खिडकीशी, त्याच्या पिवळ्या दिव्याखाली. आमच्या दोघांच्या पाठी एकमेकांकडे.

मामी कार्ड वाचायची, मी नोंदवायची. ते झाल्यावर मी नंबरांकडे वळले.

संगणकाच्या लेखी ‘5C3A21’ ही नुसती सहा अक्षरं. ‘आंबट’ या शब्दात जसा आंबटपणा नसतो तसा त्या अक्षरांत रंग नसतो. ती फोडावी लागतात. दोन-दोन अक्षरांच्या तीन जोड्या: पहिली तांबड्याची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. मोजणी दहाची नाही, सोळाची. नऊ संपल्यावर A म्हणजे दहा, आणि तसं करत F म्हणजे पंधरा. म्हणून 5C म्हणजे सोळा पंचे ऐंशी आणि वर बारा, ब्याण्णव. प्रत्येक जोडी शून्य ते दोनशे पंचावन्नपैकी एक आकडा देते. हे तीन आकडे एकत्र बांधले की जी वस्तू होते तिला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो, आणि मग तिला प्रश्न विचारता येतात. तुझ्यात निळं किती? त्या दुसऱ्या रंगापासून तू किती लांब? अक्षरांची वजाबाकी होत नाही, रंगांची होते.

एवढं करायला पंधरा ओळी पुरल्या. त्यात एक नियम कडक ठेवला: सहाच्या जागी पाच अक्षरं आली, किंवा F नंतरचं एखादं अक्षर आलं, तर अंदाजानं काही भरायचं नाही, थांबायचं आणि सांगायचं. अशी चार कार्डं निघाली. मामीनं चारही जुन्या फोटोंवरून दुरुस्त केली आणि दिवसभर माझ्याशी जरा तुटकच बोलली.

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा मामाला बोलावलं. पडद्यावर ओळीनं चौकोन उमटले आणि सगळे निळे. तपकिरी डोळ्यांचा शिंपी निळा, औषधांच्या दुकानातले आजोबा निळे.

“काय गं मोजपट्टी,” मामा म्हणाला, “माझ्या गिऱ्हाइकांची मांजरं केलीस!”

मोजपट्टी हे माझं नाव त्यानं मी सात वर्षांची असताना ठेवलं. चूक सोपी होती. चौकोन रंगवणारं जे तयार साधन मी वापरत होते त्याला निळा आधी लागायचा आणि तांबडा शेवटी. मी उलट देत होते. तपकिरी रंगात तांबडं भरपूर आणि निळं थोडं. त्यांची अदलाबदल केली की तो थेट गडद निळा होतो. ओळ बदलली, मांजरं गेली, माणसं परत आली. प्रत्येकापुढे दोन चौकोन शेजारी-शेजारी, खरा आणि केलेला, आणि बहुतेक ठिकाणी मधली रेघ दिसू नये इतके जुळलेले.

“बघ,” मामा म्हणाला. खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी बसला आणि अर्धा तास एकेक माणूस बघत राहिला.

मग मी ती गोष्ट केली जी करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. केलेल्यातून खरा वजा केला. चारशे बारा वजाबाक्या, तिन्ही रंगांच्या वेगवेगळ्या, आणि त्यांची सरासरी. तांबड्यात फरक अर्धा. हिरव्यात पाऊण. निळ्यात एक.

“मामा, दोनशे पंचावन्नपैकी एक,” मी म्हणाले. “आमच्या कंपनीतलं यंत्रसुद्धा याहून वाईट मोजतं.”

मामानं चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी ही बातमी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना कळली होती, गल्लीच्या तोंडाच्या न्हाव्याला कळली होती, आणि फोनवरून मामेभावालाही.

“आता घरात यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी चिठ्ठी पाठवावी लागणार,” मामी म्हणाली. “भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणतात, किती कमी ते आकड्यात सांग.”

मंगळवारी खिडकीवाल्या ताई आल्या. त्या एका कचेरीत अर्ज घेण्याच्या खिडकीवर बसतात. घारे डोळे, डावा खरा, उजवा मामानं आठ महिन्यांपूर्वी केलेला. त्या आल्या, बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि तक्रार करायची सवय नसलेल्या माणसांसारखं आधी भलतंच काहीतरी बोलल्या. पंख्याविषयी.

“काका, बसवलाय छान,” शेवटी त्या म्हणाल्या. “खुपत नाही, फिरत नाही. फक्त जरा… माझी खिडकी दारासमोर आहे ना. दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं. तेव्हा लोक बघतात.”

“बघतात म्हणजे?”

“एकदा या डोळ्याकडे, एकदा त्या. मग अर्जाकडे. माझा भाचा पाच वर्षांचा आहे, तो लपवत नाही. म्हणतो, मावशी, तुझा एक डोळा धुवायचा राहिलाय.”

मामा हसला. “कोरडा पडत असेल. घासून चकाकी देतो.”

डोळा घेऊन त्यानं यंत्रावर घासला, धुतला, परत दिला. ताईंनी तो बसवला. मामानं दिव्याखाली त्यांचा चेहरा इकडून तिकडून बघितला आणि मान डोलावली. मी सहज मागे वळले होते. खिडकीतून उजेड येत होता आणि ताई मामाकडून माझ्याकडे वळल्या. उजवा डोळा किंचित राखाडी दिसत होता. घाऱ्यात असतं ते मधाळपण त्यात नव्हतं. पोरानं बरोबर पकडलं होतं.

पडद्यावर त्यांचं कार्ड काढलं. खरा 7A6B4F, केलेला 7C6A68. तांबड्यात फरक दोन. हिरव्यात एक. निळ्यात पंचवीस.

“चकाकी देऊनही उन्हात तसंच वाटलं तर शुक्रवारी या,” मामा त्यांना दारापर्यंत सोडताना म्हणाला. “नवीन करून देईन. पण नाही लागणार.”

त्या शुक्रवारी येणार हे मला तेव्हाच माहीत होतं.

पंचवीसचा फरक बघितल्यावर पहिला संशय मी स्वतःवर घेतला, आणि तो मनापासून घेतला. निळा म्हणजे शेवटची जोडी, आणि शेवटच्या जोडीशी मी एकदा गोंधळ घातलेला होताच. कुठेतरी एका अक्षरानं घसरत असेन. मी तपासण्या लिहिल्या. सगळी शून्यं. सगळे F. नुसता निळा. मग शेवटच्या जोडीचे दोनशे छप्पन्न प्रकार, 00 पासून FF पर्यंत, एकेक करून अक्षरांतून आकड्यात आणि आकड्यांतून परत अक्षरांत. दोनशे छप्पन्नही बरोबर आले. स्वतःची चूक निघू नये म्हणून माणूस देव पाण्यात ठेवतो. मी माझी निघावी म्हणून ठेवले होते.

मग मामीच्या अक्षराकडे वळले. तिचा 8 आणि B भावंडांसारखे दिसतात.

“माझ्या अक्षरावर आलीस होय?” ती म्हणाली. “शाळेत बक्षीस मिळालंय मला या अक्षराला.”

“बक्षिसाबद्दल शंका नाही, मामी. फक्त साठ कार्डं फोटोंशी ताडून बघू.”

बघितली. साठात तीन चुकलेली, तीही एखाद-दुसऱ्या आकड्यानं. पेटीतला दिवा बदलला असेल म्हणावं, तर दोन्ही फोटो त्याच दिव्यात काढलेले. बदल दोन्हीकडे सारखा आला असता.

गुरुवारी सकाळी मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक कार्डाचा एक ठिपका काढला. आडवी तारीख, उभा फरक. तांबड्याचे ठिपके अकरा वर्षं दोरीसारखे सरळ. हिरव्याचे तसेच. निळ्याचे आठ वर्षं दोरीसारखे, आणि तिथून पुढे ती दोरी उसवत गेलेली. वर वीस, खाली अठरा, वर पंचवीस, खाली तेवीस. वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकत होते, म्हणून सरासरी एक. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतात: नुसती सरासरी सांगू नका, पसाराही सांगा. मी पसारा न बघता सरासरी सांगितली होती, आणि तीही मामाला, जो ती न्हाव्यापर्यंत घेऊन गेला होता.

स्वयंपाकघरात मामी कपडे घड्या करत होती. मी तिला ठिपके दाखवले नाहीत, नुसतं सांगितलं.

तिनं घड्यांतून मोज्यांची एक जोडी काढून माझ्यासमोर धरली. एक काळा, एक गडद निळा.

“गेल्या वर्षापासून हे असंच चाललंय,” ती म्हणाली. “मी म्हटलं, वय झालं, लक्ष नाही. आणि मी शंभर वेळा सांगितलंय, एकदा डोळे दाखवा. आठवड्यातून दोनदा डोळ्यांच्या दवाखान्यात जातात आणि स्वतःचे डोळे घेऊन तसेच परत येतात.”

“तू सांगशील का त्याला?”

“मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर गणित होईल. तूच सांग.”

मामा रंगांच्या डब्या लावत होता. मी त्याच्या शेजारी स्टूल ओढलं आणि छापलेला कागद टेबलावर ठेवला. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, हे सांगितलं. सरासरीचं माझं चुकलं, हेही. बिघाड फक्त निळ्यात आणि गेल्या तीन वर्षांतला, हेही. तो कागदाकडे बघत होता आणि मी त्याच्या हातांकडे. हात स्थिर होते. त्याचे हात अजूनही माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

“म्हणजे मोतीबिंदू म्हणतेस,” तो म्हणाला.

“मी डॉक्टर नाही. पण भिंग पिवळं पडलं की पहिल्यांदा निळं अडतं.”

“अडू दे.” त्याचा आवाज चढला नव्हता, पण डबीचं झाकण त्यानं जरा जोरात लावलं. “पिवळा चष्मा लावून मी गिऱ्हाइकाचा डोळा बघतो. तोच पिवळा चष्मा लावून चकती बघतो. दोन्ही पिवळे दिसणार. जुळवायचं दोघांनाच एकमेकांशी, मग माझ्या चष्म्याचा काय संबंध? हे तुझ्याच शास्त्रात बसतं की नाही?”

बसत होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण उत्तर माझ्याकडे होतं.

“बसतं, मामा. म्हणूनच सगळे एका बाजूला चुकलेले नाहीत. चष्मा नुसता रंग चढवत असता तर तू बिनचूक राहिला असतास. पण तो निळं खातो. थोडं जास्त निळं आणि थोडं कमी निळं, तुला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तू दोन्ही बाजूंना चुकलायस. कधी वर, कधी खाली.”

त्यानं कागद जवळ ओढला. वरच्या एका ठिपक्यावर नख ठेवलं, मग खालच्या एकावर. बराच वेळ.

“किती जण?”

“गडद डोळ्यांत हा फरक कळत नाही. फिके, घारे, राखाडी डोळे असलेले आणि फरक उन्हात दिसेल इतका असलेले… एकोणीस.”

“आणि परत आली एकच.”

मी मान डोलावली.

“बाकीची अठरा का नाही आली?” त्यानं मलाच विचारलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. “त्यांना वाटलं असेल, एवढंच होत असेल. डोळा आहे हेच खूप.” त्यानं डब्या एकात एक रचल्या, दिवा बंद केला. “उद्या ताईंना सांगतो, दुसरीकडे जा. पत्ता देतो. आणि बोर्डही काढून ठेवतो.”

“मामा, उद्या दे ना पत्ता. आज डॉक्टरांकडे तरी चल.”

“तू येणार?”

“येते.”

“आकडे बोलू नकोस तिथं. माझी इज्जत आहे.”

डॉक्टर मामाला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी त्याला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली आणि आत बघता-बघता म्हणाल्या, “तुम्ही इथं एवढे पेशंट घेऊन आलात, या खुर्चीत मात्र आज पहिल्यांदा बसताय.”

“आधी कधी बसवलंच नाहीत तुम्ही.”

“तुम्ही उभे तरी राहायचात का? डोळा द्यायचा आणि पळायचं.” मग त्या सरळ बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यात जास्त. डाव्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी, उजव्याची त्यानंतर महिन्यानं. “साधी गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घाबरू नका.”

“मी घाबरत नाही,” मामा म्हणाला. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना त्यानं माझं कोपर धरलं होतं.

शुक्रवारी ताई आल्या. उन्हात तसंच वाटलं होतं आणि यावेळी त्या पंख्याविषयी बोलल्या नाहीत. मामानं त्यांना बसवलं. स्वतः उभा राहिला.

“ताई, दोष तुमच्या डोळ्याचा नाही, चकाकीचाही नाही. दोष माझ्या डोळ्यांचा आहे. मोतीबिंदू झालाय. मला निळं नीट कळत नाही आणि ते मला कळलं नव्हतं. मी तुम्हाला मंगळवारी उगाच घासून परत पाठवलं.”

ताईंनी मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग आता?”

“दुसरा कारागीर आहे, दोन तासांच्या अंतरावर. चांगला आहे. त्याच्याकडे जा, माझं नाव सांगा. किंवा दोन महिने थांबा. दोन्ही डोळे झाले की मी करेन.”

“आठ महिने उन्हात बसलेय, काका. अजून दोन?”

आत मामी दाराशी येऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मला काल रात्रीपासून जे म्हणायचं होतं ते मी म्हणाले.

“हात तुझे शाबूत आहेत, मामा. तांबडं-हिरवं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अडतं फक्त निळ्याशी, आणि ते पेटीला कळतं. तू रंगव. प्रत्येक थरानंतर मामी फोटो काढेल, मी वजाबाकी सांगेन.”

“म्हणजे मी आंधळ्यासारखं रंगवायचं आणि मोजपट्टीनं हाक मारायची?” मामा म्हणाला. “हे काम आहे की आंधळी कोशिंबीर?”

मी काही म्हणणार तेवढ्यात ताईंनी मला विचारलं, “आकडे बरोबर आहेत ना?”

गेल्या आठवड्यात मी या प्रश्नाला पटकन हो म्हणाले असते.

“आकडे बरोबर आहेत. आधी मी त्यांचा अर्थ चुकीचा लावला होता. आता प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः दारात जाऊन बघा. तुम्हाला पटलं नाही तर आकडा गेला उडत.”

ताईंनी पर्स खाली ठेवली. “काका, बसा. आणि मी बसते ती खुर्ची जरा खिडकीकडे घ्या.”

मामा बसला. नवी चकती काडीवर चिकटवली. पहिले थर त्यानं नेहमीसारखे दिले, कुणाला न विचारता: बाहुलीभोवती तांबूस तपकिरी, बाहेर हिरवट, कडेला गडद. ब्रश चालू झाल्यावर त्याचे खांदे खाली आले. शेवटी चकतीवर पाण्याचा थेंब ठेवला, म्हणजे वरून काच बसल्यावर जसा दिसेल तसा रंग दिसतो. ताईंच्या गालाजवळ धरली.

“जुळला,” तो म्हणाला.

मामीनं पेटीत फोटो काढला. नंबर आला, मी तो फोडला.

“तांबडा एक जास्त. हिरवा बरोबर. निळा सतरा जास्त.”

मामानं चकतीकडे परत बघितलं. मग पिवळ्यात ब्रशचं टोक बुडवलं. निळं कमी करायचं तर पिवळं घालायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. किती, एवढंच त्याच्या हातून गेलं होतं. अगदी पातळ थर. थेंब. फोटो.

“निळा सहा कमी.”

“अति झालं?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे काय? मोजपट्टी आहेस ना, थोडं काय म्हणतेस!”

“सहा, मामा.”

मामी हसली. तिसऱ्यांदा चार जास्त. प्रत्येक वेळी ताई काडी घेऊन दारात जायच्या, आरशात बघायच्या, परत यायच्या. आकडा ऐकून फक्त भुवया उडवायच्या. चौथ्या वेळी मामानं ब्रश इतका कोरडा केला की मला वाटलं त्यावर रंगच नाही. एकच फिरवणी. थेंब. फोटो.

“तांबडा एक. हिरवा एक. निळा एक.”

ताई चकती घेऊन दारात गेल्या. यावेळी पायरी उतरून फुटपाथवर, भर उन्हात. आरसा एका हातात, काडी दुसऱ्या हातात. शेजारून जाणारा एक माणूस वळून बघत गेला.

मामा उठला नाही. तो ब्रश धूत होता, ते आधीच स्वच्छ होते.

“तू जा ना,” तो मला म्हणाला. “मी बघून काय कळणार आहे? मला चारही वेळा सारखंच दिसलं.”

मी बाहेर गेले. ताईंनी आरसा खाली केला आणि चकती तशीच धरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात ऊन होतं, मध, थोडी हिरवट कड. चकतीतही तेच होतं. मी आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे असं बघितलं नाही. दोन्हींकडे एकदमच बघितलं गेलं. ताईंना ते कळलं. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला.

“कधी मिळेल?” आत येऊन त्यांनी मामाला विचारलं.

“काच बसवायला, घासायला… बुधवारी.”

“मी दुपारनंतर येईन. ऊन असताना.”

“याच,” मामा म्हणाला.

त्या गेल्यावर मामीनं चहा ठेवला. मामा चकती काडीवरून सोडवत होता. मग त्यानं ती मऊ कापडावर ठेवली आणि हात पुसले.

“त्या अठरा जणांची यादी काढ,” तो म्हणाला. “फोन नंबरासकट.”

“मी करते फोन,” मी म्हणाले. “तुझ्या शस्त्रक्रियेनंतर बोलावते सगळ्यांना.”

“तू कशाला? डोळे तू केलेस का?”

मी यादी छापली. त्यानं कागद हातभर लांब धरून पहिला नंबर लावला. एक निवृत्त ड्रायव्हर, राखाडी डोळे, दोन वर्षांपूर्वीचं कार्ड. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं: सगळं उत्तम आहे, तुमच्या हातचा डोळा म्हणजे काय विचारायचं, कशाला उगाच त्रास घेता.

मामानं त्यांना पूर्ण बोलू दिलं.

“हो, हो, तुमची तक्रार नाही हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “तक्रार माझी आहे. तुम्ही जरा आरसा घेऊन उन्हात जाता का? मी थांबतो फोनवर.”